ड्रंक हिस्टरी: नशेत सांगितलेला इतिहास पडद्यावर नेमका कसा उभा राहतो?

बखरकार

कॉमेडी सेंट्रलवरची 'ड्रंक हिस्टरी' पाहिलेले इथे बरेच जण असतील. तिचं वर्णन सहसा असं होतं: कुणीतरी पिऊन इतिहास बरळतो आणि नट त्यावर ओठ हलवतात. वर्णन चूक नाही, पण तेवढ्यावर विसंबून कुणी तसं करायला गेलं की हमखास फसतं. यूट्यूबवर अशा नकला ढिगाने पडल्या आहेत. म्हणून ही मालिका बनते कशी, याची नीट चर्चा व्हावी यासाठी हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. जेक जॉन्सन हा नट नशेत मालिकेचा कर्ता डेरेक वॉटर्स याला गायक ओटिस रेडिंगच्या मृत्यूची हकिगत सांगत होता. रेडिंगचं विमान १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ मोनोना तळ्यात कोसळलं. रेडिंगला आपलं मरण आधीच कळलं होतं, असं जॉन्सन छातीठोकपणे सांगत राहिला. ते ऐकताना वॉटर्सच्या डोळ्यांसमोर आला तो खुद्द रेडिंग, हे सगळं निमूटपणे वठवतोय आणि 'असं काही घडलं नव्हतं' म्हणून मान हलवतोय. मालिकेचं सगळं बीज या चित्रात आहे.

पहिला भाग २००७ मध्ये इंटरनेटवर आला. मार्क गॅग्लियार्डीने स्कॉचची बाटली रिचवून हॅमिल्टन आणि बर या दोन अमेरिकी राजकारण्यांच्या द्वंद्वयुद्धाची गोष्ट सांगितली. मायकेल सेरा हॅमिल्टन झाला आणि जॉन्सन बर. डग्लस आणि लिंकन यांच्यावरच्या भागाला २०१० मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात लघुपटांचं परीक्षक पारितोषिक मिळालं. त्यात विल फेरेल लिंकन होता, डॉन चीडल गुलामगिरीविरोधी नेता फ्रेडरिक डग्लस आणि कथन जेन किर्कमनचं. ९ जुलै २०१३ पासून ती टीव्हीवर आली. वॉटर्स आणि जेरेमी कोनर हे तिचे कर्ते. सहा पर्वं झाली, सातव्याची तयारी सुरू असताना साथ आली आणि ऑगस्ट २०२० मध्ये मालिका बंद करण्यात आली.

माझं म्हणणं एवढंच आहे की यात दारू हा सर्वांत कमी महत्त्वाचा घटक आहे. गंमत उभी राहते ती आवाज सैल आणि चित्र कडक असल्यामुळे. कथनकार अडखळतो, शिव्या घालतो, उचकी देतो, आणि पडद्यावर मात्र उत्तम शिवलेल्या कोटातला माणूस तीच उचकी चेहऱ्यावरची रेषही न हलवता देतो. नट हसला किंवा 'मीही नशेत आहे' असं दाखवायला लागला, की खेळ संपला. आवाजाच्या आणि संकलनाच्या जाणकारांनी पुढचं लिहावं.

रानजाई

एक प्राथमिक प्रश्न. संवाद नंतर डब होतात, की चित्रण चालू असताना नटांना कथन ऐकू येतं?

बखरकार

ऐकू येतं. कथन आधी चित्रित होतं, सहसा कुणाच्या तरी घरी, सोफ्यावर. वॉटर्स समोर बसून सोबत पितो. मग ते कापून पक्कं होतं, सेटवर वाजवलं जातं आणि नट ओठ जुळवतात. कथनकार 'मग लिंकन म्हणाला' म्हणतो तेव्हा पडद्यावरचा लिंकन गप्प असतो. 'अरे, ऐक ना' हे अवतरण सुरू झालं की त्याचे ओठ हलतात. ही हद्द काटेकोर पाळावी लागते. आणखी एक नियम म्हणजे अवतरणाच्या मध्येच कथनकार खुदकन हसला किंवा नाव चुकला, तर ते हसू आणि ती चूकही पात्राचीच होते. ती झाकायची नाही.

कानसेन

आवाजाबद्दल लिहितो, कारण नकला मरतात त्या इथेच.

नशेतल्या माणसाचा आवाज एकाच वाक्यात कुजबुजीपासून किंकाळीपर्यंत जातो. एका पातळीवर मुद्रण केलंत तर किंकाळी फाटणार. म्हणून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास, आणि त्याच माइकचा दुसरा ट्रॅक १० डेसिबल खाली. किंकाळीही फाटू न देणारा ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर असेल तर दुसऱ्या ट्रॅकची गरज नाही.

माइक दोन. एक कॉलरला, दुसरा बूमवर म्हणजे लांब दांडीवर, तोंडापासून ५० ते ६० सेंटीमीटर वर. नुसत्या कॉलर माइकवर राहू नका, कारण तासाभरात माणूस सोफ्यावर आडवा होतो, माइक उशीखाली जातो आणि कापड घासल्याची खरखर बसते. ती नंतर निघत नाही.

फ्रिज आणि पंखा बंद. ग्लासातला बर्फही नको, कारण नेमक्या वाक्याच्या शेवटी तो किणकिणतो. चकण्यात शेंगदाणे, शेव, फरसाण काही नको. उकडलेली अंडी, पनीर, इडली असं आवाज न करणारं ठेवा. टीव्ही किंवा गाणी अजिबात नकोत, कारण पार्श्वभूमीला गाणं असेल तर दोन टेकमधली वाक्यं जोडताना सांधा उघडा पडतो. शेवटी ३० सेकंद सगळ्यांनी गप्प बसून खोलीचा रिकामा आवाज मुद्रित करायचा. कापलेल्या जागा त्यानेच भरतात.

समोर बसणाऱ्याचं कामही मोठं आहे. कथनकाराच्या वाक्यावर त्याचं हसू पडलं तर ते वाक्य पात्राच्या तोंडी देता येत नाही. हसू वाक्यानंतर. नाव आठवत नसेल तर नाव पुरवून थांबू नये, ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावावं.

कात्री

कानसेन यांच्या पुढचं मी लिहिते.

कित्येक तासांच्या बोलण्यातून एक गोष्ट सहा-सात मिनिटांची निघते. २२ मिनिटांच्या भागात साधारण अशा तीन. हा कातरकामाचा खेळ आहे, आणि पहिला नियम म्हणजे चित्राकडे न बघता फक्त आवाजाची पट्टी कापायची. सगळं बोलणं शब्दशः टाइप करून घ्या, अडखळणं आणि उचक्यांसकट. गोष्टीच्या प्रत्येक टप्प्यासाठी सर्वांत चांगला टेक निवडा. डोळे मिटून ऐकताना गोष्ट कळली पाहिजे. न कळल्यास कितीही भारी वेशभूषा तिला वाचवणार नाही.

पट्टी पक्की झाल्यावरच चित्रण. नंतर तिला हात लावायचा नाही. नटाने शब्द पाठ केलेले असतातच, पण त्याबरोबर श्वासही पाठ केलेले असतात. नंतर आठ फ्रेम जरी काढल्या तरी प, ब, भ, म या अक्षरांवर लगेच दिसतं, कारण तिथे ओठ मिटावेच लागतात. आवाज चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांच्या सुमारास खटकू लागतो, मागे पडला तर १२५ च्या सुमारास. म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबात पुढे जेमतेम एक फ्रेम आणि मागे तीन. शंका असेल तिथे आवाज किंचित मागे ठेवा.

आता आवाज सरकण्याची कारणं. मोबाइलचा कॅमेरा बहुधा बदलत्या फ्रेमदराने चित्रण करतो. सुरुवात जुळते आणि चौथ्या मिनिटाला ओठ भलतीकडेच. संकलनात घेण्याआधी हँडब्रेकसारख्या सॉफ्टवेअरमधून सगळ्या फायली स्थिर २५ फ्रेमवर आणा. दुसरं कारण म्हणजे २४ आणि २३.९७६ या फ्रेमदरांची गल्लत. फरक फक्त ०.१ टक्का, पण सात मिनिटांत ०.४२ सेकंद होतात, म्हणजे दहा फ्रेम. तिसरं, ४४.१ किलोहर्ट्झची आवाजाची फाइल ४८ ची समजून वाजवणं. तिथे वेग जवळजवळ नऊ टक्के वाढतो आणि आवाज चिरका होतो, त्यामुळे ही चूक निदान लगेच कानावर येते.

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. घरातल्या दिव्यांत ३० फ्रेमने चित्रण केलंत तर चित्र लुकलुकू शकतं. २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा.

दर्यावर्दी

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनासाठी पाच मिनिटांची अशी एक चित्रफीत करायची आहे. प्लेबॅकला ब्लूटूथ स्पीकर चालेल का? आणि विजेचा हिशोब इथे कसा?

कात्री

ब्लूटूथ नको. आवाज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो, म्हणजे तीन ते पाच फ्रेम. तुमच्याकडे वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे २९.९७ किंवा ३० फ्रेम आणि शटर १/६०.

कानसेन

कात्रीताई, इथे थोडा मतभेद. उशीर ठरावीक असेल तर तो अडचण नाही. नट ऐकतो त्याच आवाजावर ओठ हलवतो आणि कॅमेऱ्याचा माइकही तोच आवाज पकडतो. संकलनात मूळ पट्टी कॅमेऱ्याच्या कच्च्या आवाजाशी जुळवली की उशीर आपोआप वजा होतो. खरा धोका ब्लूटूथ मध्येच तुटण्याचा आहे. जोडणी सावरताना उशीर बदलतो आणि एकाच टेकचा पहिला अर्धा भाग जुळतो, दुसरा नाही. म्हणून तार लावाच, पण कारण हे.

स्पीकर दहा मीटर लांब असला तरी आवाजाला पोचायला फक्त २९ मिलिसेकंद लागतात. तिकडे लक्ष देऊ नका.

प्रत्येक तुकड्याआधी एकेका सेकंदाच्या अंतराने तीन 'टिक' घाला आणि चौथ्या ठोक्यावर वाक्य सुरू करा. ते नसलं की प्रत्येक टेकचा पहिला शब्द हुकतो. तुकडे १५ ते २० सेकंदांचेच ठेवा.

कात्री

मान्य. कच्चा आवाज चालू ठेवायचा, ही अट मात्र ठळक लिहायला हवी. बरेच जण 'शेवटी वापरायचाच नाही' म्हणून कॅमेऱ्याचा माइक बंद करतात आणि मग जुळवायला हाती काही उरत नाही.

वैद्यबुवा

दारूवर अजून कुणी बोललेलं नाही. मूळ मालिकेत चित्रणाच्या ठिकाणी वैद्यकीय कर्मचारी हजर असे. नकला करणारे हा भाग गाळतात.

आपल्याकडचा ३० मिलिचा छोटा पेग ४२.८ टक्क्यांचा असतो, म्हणजे सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल. मोठ्या पेगमध्ये २०, १८० मिलिच्या क्वार्टरमध्ये ६० च्या वर. ६५० मिलिची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे ४१ ग्रॅम. 'बिअरच तर आहे' हा गैरसमज इथेच मोडतो, कारण ती बाटली दोन मोठ्या पेगांइतकी आहे. ६० किलोच्या पुरुषाने दोन मोठे पेग रिकाम्या पोटी भराभर घेतले तर रक्तातलं प्रमाण १०० मिलिमागे ८० ते १०० मिलिग्रॅमच्या घरात जातं. भारतात वाहन चालवण्याची मर्यादा ३० आहे. त्याच वजनाच्या स्त्रीमध्ये प्रमाण आणखी वर जातं.

जीभ सैल होते ती याच टप्प्यावर, आणि गोष्टही शाबूत असते. १५० च्या पुढे माणूस गोष्टीचा धागा सोडतो, तेच वाक्य पुन्हा पुन्हा बोलतो किंवा रडतो. त्यापुढचं बोलणं संकलनात निरुपयोगी आणि शरीराला धोक्याचं. शेवटच्या घोटानंतरही प्रमाण अर्धा ते दीड तास चढत राहतं, म्हणून 'अजून काहीच चढली नाही' यावर पुढचा पेग भरायचा नाही. उतरण्याचा वेग तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास. कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने तो वाढत नाही.

हाक मारून, चिमटा काढून जाग येत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, ओठ निळे पडत असतील, तर कॅमेरा सोडा आणि महाराष्ट्रात १०८ ला फोन करा, अमेरिकेत ९११. तोवर कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी श्वासनलिकेत जाणार नाही. झोपेच्या गोळ्या, मधुमेहाची औषधं, मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक घेणाऱ्याला कथनकार करायचंच नाही.

लेखी संमती पिण्याआधी घ्या. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर असताना कापलेली पट्टी ऐकवून पुन्हा एकदा घ्या. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो, हे विसरू नका.

पानसुपारी

आवाज, दारू, सगळं ठीक. पण इतिहासाचं काय? नशेत सांगितलेलं लोक खरं धरून चालतात. हा प्रकार इतिहासाचं वाटोळं करतो असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

बखरकार

पानसुपारी, आक्षेप रास्त आहे. म्हणून चुकांची प्रतवारी करावी लागते.

हॅमिल्टनचीच गोष्ट घ्या. बर त्या वेळी अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष होता. द्वंद्व ११ जुलै १८०४ रोजी, न्यूयॉर्कमध्ये नाही तर हडसन नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या वीहॉकेनला झालं, कारण बंदी दोन्हीकडे असली तरी न्यू जर्सीत खटले भरण्याबाबत कडकपणा कमी होता. हॅमिल्टनचा मुलगा फिलिप १८०१ मध्ये द्वंद्वातच गेला होता. आणि हॅमिल्टन जागच्या जागी मेला नाही, त्याला होडीतून परत आणलं आणि तो दुसऱ्या दिवशी गेला. या चार-पाच खुंट्या, म्हणजे न हलवायचे मुद्दे. कथनकार 'नदीपलीकडं कुठंतरी झाडीत' म्हणाला तर बिघडत नाही, तो रंग आहे. बरच्या तोंडी आजच्या शिव्या आल्या तरी चालतं, कारण बर तसं बोलला असं कुणी समजत नाही. पण हॅमिल्टन गोळी लागताच मेला असं तो म्हणाला तर गोष्टीचा शेवटच मोडतो. असं वाक्य पट्टीत घ्यायचं नाही, दुसरा टेक शोधायचा.

हॅमिल्टनवरच्या गाजलेल्या संगीतिकेचा कर्ता लिन-मॅन्युएल मिरांडाने २०१६ मध्ये हीच गोष्ट या मालिकेत अख्खा भागभर सांगितली. आलिया शौकत हॅमिल्टन आणि ऑब्री प्लाझा बर. ज्याला विषय तळहाताच्या रेषांसारखा पाठ आहे तो नशेतही खुंट्या सोडत नाही, हे त्यात स्वच्छ दिसतं. कथनकार निवडताना पिण्याची ताकद बघू नका, त्या विषयाबद्दल त्याला किती कळकळ आहे ते बघा.

सनावळी

पानसुपारी यांच्या मुद्द्याला जोडून. खरा धोका कथनकाराच्या गोंधळाचा नाही, लोकप्रिय दंतकथेचा आहे. उदाहरणार्थ, एडिसनने टेस्लाला हरवण्यासाठी टॉप्सी हत्तिणीला विजेने मारलं असं सर्रास सांगितलं जातं. टॉप्सी मेली ४ जानेवारी १९०३ रोजी, कोनी आयलंडला. विजेचा एकदिश प्रवाह वापरायचा की प्रत्यावर्ती, यावरची ती लढाई त्याआधीच संपली होती. एडिसनच्या नावाच्या कंपनीने त्या घटनेचं चित्रण केलं, एवढाच संबंध. शुद्धीतला माणूसही ही गोष्ट चुकीचीच सांगेल. म्हणून संशोधकाने कथनकाराला द्यायचं टिपण दोन पानी असावं: एकावर खुंट्या, दुसऱ्यावर 'हे म्हणायचं नाही'.

आणि या प्रकाराने जे दिलं तेही बघा. क्लॉडेट कॉल्विनने २ मार्च १९५५ रोजी, पंधराव्या वर्षी, अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला. रोझा पार्क्स यांच्या अशाच, पण गाजलेल्या नकाराच्या नऊ महिने आधी. बसमधला वंशभेद ज्या खटल्याने बेकायदा ठरला त्यात ती वादी होती. गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनचं नाव सगळ्यांना माहीत, पण अमेरिकी यादवी युद्धात, जून १८६३ मध्ये कोंबाही नदीवरच्या छाप्यात तिने केलेल्या मार्गदर्शनामुळे सातशेहून अधिक गुलाम सुटले, हे फार थोड्यांना. मालिकेने या दोघींनाही जागा दिली. टबमनच्या भूमिकेत ऑक्टाव्हिया स्पेन्सर आहे आणि ती ती भूमिका एखाद्या गंभीर चरित्रपटात करावी तशी करते. कथन कितीही घसरो, तिची मान खाली जात नाही. पाठ्यपुस्तकात चार ओळींत उरकलेल्या माणसाला इथे सात मिनिटं मिळतात.

पानसुपारी

दोन पानी टिपणाची कल्पना पटली. तरी आपल्याकडचे मोठे पुरुष या प्रकारात आणू नयेत असंच मत आहे.

सनावळी

त्याबाबत दुमत नाही. शिवाय मृत व्यक्तीची बदनामीही कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली तर कायद्याच्या कक्षेत येते. जिथे गोष्टीतच गंमत आहे आणि माणसाबद्दल आदर वाढतो, असे विषय घ्यावेत.

दर्यावर्दी

आमच्या कार्यक्रमात लहान मुलं असणार, दारू शक्यच नाही. दारूशिवाय हे जमतं का? आणि विषय सुचवा.

बखरकार

जमतं. दारू इथे दोनच कामं करते. माणसाचा सावधपणा काढते आणि पुस्तकी भाषेऐवजी घरची भाषा बाहेर आणते. दोन्ही दुसऱ्या वाटेने साधतात. कथनकाराला टिपण आदल्या दिवशी वाचायला द्या आणि चित्रणाच्या वेळी काढून घ्या. समोर असा माणूस बसवा ज्याला गोष्ट ठाऊक नाही आणि जो 'म्हणजे कोण?', 'मग पैसे कुठनं आले?' असं मध्ये मध्ये विचारेल. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, जी घरची बोली असेल तिच्यातच बोलू द्या. नशेचा अभिनय मात्र नको. खोटं झिंगणारा शब्द ओढतो. खरा प्यालेला शुद्धीत असल्यासारखं बोलायचा आटापिटा करतो. ही नक्कल पहिल्या वाक्यात पकडली जाते.

विषय म्हणून दादासाहेब फाळके आणि 'राजा हरिश्चंद्र' घ्या. खुंट्या या: फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांना कृष्ण पडद्यावर दिसू लागला. १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला. भांडवल देणाऱ्याची खात्री पटवायला रोपाच्या वाढीचं चित्रण केलं. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना उभं केलं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसमोर आला. सरस्वतीबाईंना विसरू नका, घरादाराच्या आणि युनिटच्या जेवणाचा भार त्यांच्यावर होता.

कात्री

यात रोपाचा प्रसंग खराखुरा करा. कुंडीत वाटाणा पेरा, कॅमेरा तिपाईवर घट्ट बांधा, खिडकी झाका, एकच दिवा सतत चालू ठेवा आणि दर अर्ध्या तासाला एक फोटो. दहा दिवसांत ४८० फोटो होतात, ३० फ्रेमने १६ सेकंद. फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद नसेल तर चित्र धडधडतं. पाणी घालताना कुंडी जागेवरून हलली तर रोप उडी मारतं, म्हणून नळी आधीच लावून ठेवा. पेरणी कार्यक्रमाच्या किमान चार आठवडे आधी, कारण पहिली कुंडी बऱ्याचदा उगवत नाही.

दर्यावर्दी

दोन कुंड्या शेजारी शेजारी ठेवतो, एकाच चौकटीत. आवाजाची पट्टी तयार झाली की इथे टाकेन, चित्रणाआधी ऐकून सांगा.

कानसेन

टाका. सोबत न कापलेले दोन्ही ट्रॅकही द्या, नुसत्या पट्टीवरून सांधे कुठे आहेत ते कळत नाही.